निळा घोडा

मागे एका पुस्तकासाठी मी हत्ती जांभळा रंगवून पाठवला. उगाच वेगळं काहीतरी करायचं म्हणून नव्हे हं, त्या पानावर संध्याकाळ होती, आकाश पिवळं-केशरी होतं आणि त्याच्यासमोर करडा हत्ती उभा केला की तो सिमेंटच्या पोत्यासारखा दिसायचा, म्हणून जांभळा. दोन दिवसांनी संपादकांचा मेल आला. चित्र सुंदर झालंय, फक्त हत्ती करडा करून द्याल का, मुलं कन्फ्यूज होतील. दिला करून. फ्रीलान्स काम करणाऱ्या बाईने प्रत्येक हत्तीसाठी भांडायचं ठरवलं तर चित्रं कधी काढायची. करडा केला, फाइल पाठवली, बिल पाठवलं, विषय संपला असं स्वतःला बजावलं, आणि रात्री भाचीला झोपवायला गेले तर तिने नेहमीचंच पुस्तक हातात आणून दिलं.

तेच ते, अळीचं. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. आमच्या प्रतीत सफरचंदाच्या भोकाला आता सेलोटेप लावलाय, कारण चार वर्षांच्या माणसाचं बोट भोक दिसलं की आत जातंच आणि नुसतं जात नाही, आत जाऊन गोल फिरतं. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री, शनिवारी तर चॉकलेट केकपासून कलिंगडापर्यंत १० पदार्थ, मग रात्री पोटात दुखतं, रविवारी एक हिरवं पान, मग कोश, मग फुलपाखरू. मूळ इंग्रजीत सगळे मिळून २२४ शब्द. हत्ती जांभळाच का हवा हे सांगणारा जो मेल मी लिहिला आणि पाठवला नाही त्यात याहून जास्त शब्द होते.

हे पुस्तक मी इतक्या वेळा मोठ्याने वाचलंय की ते मला दिसेनासं झालं होतं. त्या रात्री पुन्हा दिसलं. अळी हिरवीगार, पण डोकं लालभडक. सूर्याला तोंड. शेवटच्या फुलपाखराच्या पंखांत कुठला रंग नाही ते सांगा. आणि आमची भाची एकदाही कन्फ्यूज झालेली नाही. मग ती झोपल्यावर फोन घेऊन बसले आणि हे पुस्तक लिहिणारा आणि रंगवणारा एरिक कार्ल हा माणूस कोण होता ते वाचत सुटले, पहाटेपर्यंत. आतापर्यंत माझ्या डोक्यात त्याचं चित्र म्हणजे पांढरी दाढी, गोड हसणं, मुलांचे लाडके आजोबा, आयुष्यभर रंगीत कागद कापत बसलेला सुखी जीव. दाढी आणि कागद बरोबर निघाले.

कार्लचा जन्म २५ जून १९२९ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. आईवडील जर्मनीहून आलेले. तिथल्या बालवाडीची त्याची आठवण म्हणजे भरपूर ऊन असलेली खोली, मोठे मोठे कागद, जाड ब्रश आणि रंग. त्या बाईंनी त्याच्या आईला बोलावून सांगितलं होतं, की पोरगं चित्रं चांगली काढतं, याला जपा. बस्, इतकंच सुख. कारण आईला माहेरची ओढ लागलेली, आणि १९३५ मध्ये, हा ६ वर्षांचा असताना, सगळं बिऱ्हाड परत जर्मनीला, श्टुटगार्टला गेलं. १९३५. हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं झालेली आणि ही मंडळी अमेरिका सोडून तिकडे चालली. आज वाचताना आपल्याला ओरडावंसं वाटतं, अहो नका जाऊ, पण घरची आठवण आलेल्या माणसाला इतिहास कुठे दिसत असतो.

तिथल्या शाळेत कागद छोटा, पेन्सिल टणक, हातात पट्टी, आणि खाडाखोड चालणार नाही अशी ताकीद. पहिल्या काही दिवसांतच हातावर छड्या बसल्या. त्याने आईला विचारलं, आपण घरी कधी जायचं? आई म्हणाली, आता इथेच राहायचं. तर या पोराने ठरवलं काय, की मोठेपणी आपण पूल बांधणारा इंजिनीअर व्हायचं, जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत एक पूल बांधायचा आणि आजीचा हात धरून तिला पलीकडे घेऊन जायचं. आजीला का, तर जर्मनीत आवडलेली ती एक गोष्ट होती आणि तिला सोडून जायचं नव्हतं. हे मी वाचलं आणि फोन जरा बाजूला ठेवला. सहा वर्षांच्या मुलाचं हे प्लॅनिंग बघा. रडत बसला नाही, दोन्ही बाजू राखायचा उपाय शोधला.

वडिलांचं नावही एरिकच, फक्त जर्मन स्पेलिंगचं. त्यांना स्वतःला चित्रकार व्हायचं होतं, त्यांच्या वडिलांनी होऊ दिलं नाही (ही गोष्ट कुठल्याही देशात, कुठल्याही दशकात ठेवा, बसते). ते पोराला रानात फिरायला न्यायचे. दगड उचलून खालचे किडे दाखवायचे, झाडाची साल हळूच सोलून आत कोण राहतं ते दाखवायचे, गोष्टी सांगायचे, आणि मग तो जीव जिथून घेतला तिथेच नीट परत ठेवायचे. हे परत ठेवणं मला फार आवडलं. पुढे कार्लच्या पुस्तकांतून जे कोळी, किरकिरे, काजवे, लेडीबग निघाले ते सगळे त्या दगडांखालचे. तो स्वतःच सांगायचा, की छोट्या जिवांबद्दल लिहितो तेव्हा मी वडिलांचं ऋण फेडत असतो.

१९३९ मध्ये वडिलांना सैन्यात ओढून नेलं. पोरगा १० वर्षांचा. युद्ध संपलं तरी वडील आले नाहीत, ते रशियनांच्या कैदेत होते. १९४७ च्या अखेरीला परत आले तेव्हा वजन ८५ पौंड, म्हणजे ३९ किलोच्या आसपास. मुलगा १८ वर्षांचा झालेला. दगड उचलून किडे दाखवणारा माणूस परत आलाच नाही, जो आला तो शरीराने आणि मनाने मोडलेला होता. मधल्या काळात मुलाने काय पाहिलं तर बॉम्बहल्ले, छप्पर, खिडक्या, दारं उडालेलं घर, आणि १५ व्या वर्षी जर्मनीच्या पश्चिम सीमेवर खंदक खणायची सक्ती. पहिल्याच दिवशी त्याच्यापासून काही फुटांवर माणसं मेली.

आणि सगळीकडे एकच रंग. म्हणजे रंगच नाही. विमानांना दिसू नये म्हणून इमारतींना करडे, तपकिरी, मळकट हिरवे रंग फासलेले. कपडे तसलेच, आकाश तसलंच. नंतर लोक त्याला विचारायचे, एवढे भडक रंग कुठून येतात, तर तो या करड्या वर्षांकडे बोट दाखवायचा. मला इथे आमचा करडा हत्ती आठवला, पण ते जाऊ दे, तुलना फारच ओढूनताणून होईल.

खरी गोष्ट मधेच राहिली, ती सांगते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहितेय ती.

शाळेत त्याला चित्रकलेचे एक मास्तर होते, फ्रिट्झ क्राउस. पोरगा १२-१३ वर्षांचा असेल. मास्तरांनी एक दिवस त्याला घरी बोलावलं. म्हणाले, मला वरून आदेश आहे की हुबेहूब, वास्तवाला धरून चित्रं काढायला शिकवायचं, पण तुझ्या रेषेतला मोकळेपणा मला आवडतो. आणि मग एक खोकं काढलं. खोक्यात बंदी असलेल्या चित्रांच्या छापील प्रती होत्या. पिकासो, क्ले, मातीस. आणि फ्रान्झ मार्कचा निळा घोडा.

बंदी म्हणजे काय ते जरा सांगायला हवं, कारण 'चित्रांवर बंदी' म्हटलं की आपल्याला एखादं प्रदर्शन रद्द झाल्यासारखं वाटतं. नाझींनी आधुनिक चित्रकलेला सरळ 'विकृत कला' असं नाव दिलं होतं. म्युझियममधून हजारो चित्रं जप्त केली आणि त्यातली साडेसहाशेच्या आसपास १९३७ मध्ये म्युनिकला एका प्रदर्शनात मांडली, मुद्दाम दाटीवाटीने, वेडीवाकडी टांगून, भिंतींवर टिंगल करणारी वाक्यं लिहून. लोकांनी येऊन हसावं म्हणून. वीस लाखांवर लोक आले. हसायला आले की शेवटचं बघून घ्यायला आले, कुणास ठाऊक, दोन्ही असतील. त्यात फ्रान्झ मार्कचं १९१३ सालचं निळ्या घोड्यांचं मोठं चित्रही होतं, चार घोडे एकावर एक रचल्यासारखे. पण मार्क पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढताना १९१६ मध्ये व्हर्दंपाशी मारला गेला होता, त्यामुळे माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतली, देशासाठी मेलेल्या सैनिकाचं चित्र विकृत कसं? मग ते प्रदर्शनातून गुपचूप उतरवलं. पुढे ते हिटलरच्या खास माणसाच्या, ग्योरिंगच्या ताब्यात गेलं आणि युद्धानंतर कुणाच्या हाती लागलेलं नाही. आज जगाकडे त्या घोड्यांचे फक्त फोटो आणि प्रिंट आहेत. म्हणजे क्राउस मास्तरांच्या खोक्यासारखंच.

तर त्या खोलीत तो पोरगा उभा आहे. त्याने तोपर्यंत 'चित्र' म्हणून जे पाहिलं होतं ते झेंडे, बंदुका, आणि पिळदार दंडांचे शेतकरी. आणि समोर निळा घोडा. त्याला काय वाटलं असेल? आपल्याला वाटतं त्याचे डोळे उघडले, क्षणात आयुष्य बदललं वगैरे. तसं नाही झालं. कार्लने प्रामाणिकपणे सांगितलंय की तो हादरला, मास्तरांना वेड लागलंय असंच वाटलं त्याला. मास्तर म्हणाले, हे पाहिलंस ते लक्षात ठेव आणि कुणाला सांगू नकोस.

मी या प्रसंगाभोवती बरेच दिवस घुटमळतेय. मास्तरांच्या बाजूने बघा. समोर तेरा वर्षांचं पोर, शाळेत कशाबद्दलही बोलू शकतं, घरी बोलू शकतं, आणि त्याच्या एका वाक्याने तुमच्या दारात गेस्टापो येऊ शकतात. बदल्यात मिळणार काय? पोराच्या चेहऱ्यावर तर साधा आनंदही नाही, उलट भीती. कुठला शिक्षक याला यशस्वी तास म्हणेल? मी अधूनमधून मुलांच्या चित्रकला शिबिरांना जाते, तिथे शेवटी फीडबॅक फॉर्म असतो, मुलांना मजा आली का, एक ते पाच. त्या दिवशी क्राउस मास्तरांना एक मिळाला असता. फार तर दोन.

पुढचा काळ मी भरभर सांगते, कारण त्यात नोकऱ्या जास्त आहेत. युद्ध संपल्यावर श्टुटगार्टच्याच कला अकादमीत एर्न्स्ट श्नायडलर नावाच्या गुरूंकडे ग्राफिक डिझाइन शिकला, मग तिथल्या अमेरिकन सांस्कृतिक केंद्राची पोस्टरं केली, आणि १९५२ मध्ये हातात पोर्टफोलिओ, खिशात ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला परत आला. पूल झाला नाही, पण माणूस पलीकडे पोचला. तिथे लिओ लिओनी तेव्हा 'फॉर्च्यून' मासिकाचे आर्ट डायरेक्टर होते. याने त्यांचं काम पाहिलं आणि सरळ फोन लावला. ओळख ना पाळख. लिओनींनी भेटायला बोलावलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये नोकरीसाठी शब्द टाकला. (हेच लिओनी पुढे १९५९ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी मुलांच्या पुस्तकांत शिरले, निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या दोन ठिपक्यांची गोष्ट घेऊन. उशिरा येणाऱ्यांची या धंद्यात परंपराच आहे.) नोकरी लागून काही महिने होतात न होतात तोच कोरियन युद्धाच्या भरतीत अमेरिकन सैन्याने उचललं आणि पाठवलं कुठे, तर जर्मनीला. टपाल वाटपाच्या कामावर. नियतीला विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

परत आल्यावर जाहिरात कंपनी. आर्ट डायरेक्टर, मुख्यतः औषधांच्या जाहिराती. वर्षानुवर्षं. सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या. म्हणजे तिशीतला एरिक कार्ल कुणाला भेटला असता तर 'हा औषधांच्या जाहिराती करतो' इतकीच त्याची ओळख. मीटिंगा, डेडलाइन, सूट-टाय, लोकल गाड्या. १९६३ च्या सुमारास त्याला हे पुरे झालं आणि तो फ्रीलान्सर झाला. मग एका जाहिरातीत त्याने केलेला लाल लॉबस्टर बिल मार्टिन ज्युनिअर या शिक्षक-लेखकाने पाहिला, आणि एका छोट्याशा, यमक-तालाच्या गोष्टीची चित्रं करशील का असं विचारलं. एका प्राण्याला विचारायचं तुला काय दिसतं, तो पुढच्या प्राण्याचं नाव सांगतो, इतकीच गोष्ट. कार्लने नंतर सांगितलं की ते वाचताना त्याला सिरॅक्यूजची ती बालवाडी आठवली, ते मोठे कागद आणि जाड ब्रश. पुस्तक १९६७ मध्ये आलं, 'ब्राऊन बेअर, ब्राऊन बेअर, व्हॉट डू यू सी?'. कार्ल ३८ वर्षांचा.

तपकिरी अस्वल, लाल पक्षी, पिवळं बदक इथपर्यंत सगळं रीतसर आहे. आणि मग पान उलटलं की निळा घोडा.

भाचीकडे हे पुस्तकही आहे. मी ते पन्नासेक वेळा तरी वाचून दाखवलं असेल, 'ब्लू हॉर्स, ब्लू हॉर्स' म्हणत, आणि मला कधी प्रश्नच पडला नाही की घोडा निळा का. आता त्या पानावर आलं की माझा आवाज जरा अडखळतो आणि ती म्हणते, आत्या वाच ना. पंचवीस वर्षं. तो घोडा श्टुटगार्टमधल्या एका खोक्यातून निघाला, युद्धातून, खंदकांतून, टपालखात्यातून, सर्दीच्या गोळ्यांतून चालत चालत न्यूयॉर्कमधल्या एका टेबलापर्यंत आला आणि शांतपणे पानावर उभा राहिला. त्याच्या पुढच्या पानावर हिरवा बेडूक आहे आणि त्याच्या पुढे जांभळी मांजर. जांभळी.

अळीचा जन्म मात्र एकदम ऑफिशियल. म्हणजे ऑफिसातल्या वस्तूपासून झालेला. कार्ल एकदा पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसला होता, आपण फायलीला पाडतो तशी, आणि ती भोकं बघून त्याला पुस्तक कुरतडणारा किडा सुचला. विली नावाचा. विलीचा एक आठवडा असं काहीतरी पुस्तकाचं नाव होतं. संपादक होत्या ॲन बेनेड्यूस. त्यांना किडा तितकासा पटेना, किड्यावर मुलांचा जीव कसा जडणार? अळी केली तर? त्यांनी अळी म्हणायचा अवकाश, कार्ल म्हणाला, फुलपाखरू! झालं, गोष्टीला शेवट मिळाला. हा किस्सा तो नेहमी सांगायचा आणि श्रेय नेहमी बाईंना द्यायचा. मी संपादकांबद्दल वर थोडं तिरकस बोलले, तर हेही नोंदवून ठेवते, की जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध अळीला पंख संपादकाच्या एका सूचनेमुळे फुटले. सूचना-सूचनांत फरक असतो, एवढंच.

पण असलं पुस्तक छापायचं कसं? सोमवारचं पान अरुंद, मंगळवारचं थोडं रुंद, बुधवारचं आणखी, अशी वाढत जाणारी पानं आणि प्रत्येकाला भोकं. ज्यांनी कधी प्रेसमध्ये उभं राहून डाय कटिंगचा, म्हणजे साच्याने कागद हव्या त्या आकारात कापायचा, खर्च विचारलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. मला एकदा एका कव्हरला नुसती खिडकी हवी होती तर समोरचा माणूस माझ्याकडे आपण हवा विकत मागितल्यासारखा बघत राहिला. अमेरिकेत परवडेल असा छापणारा मिळेना, शेवटी बेनेड्यूस बाईंनी जपानमध्ये छापखाना शोधून काढला. १९६९ मध्ये पुस्तक आलं. पुढे साठच्या वर भाषा आणि पाच कोटींच्या वर प्रती. भोकासकट.

त्याची काम करायची पद्धत मी करून बघितली, तीन रविवार घालवले. तो चित्र 'काढायचा' नाहीच खरं तर, कापायचा. पातळ टिश्यू पेपर घ्यायचा, म्हणजे नाक पुसायचा नव्हे, पतंगाला लावतात तसला. त्यावर ॲक्रिलिक रंग, ब्रशने, स्पंजने, कार्पेटच्या तुकड्याने, मिळेल त्याने. रेघोट्या, ठिपके, शिंतोडे. वाळवायचे. आणि मग रंगांप्रमाणे सपाट ड्रॉवरमध्ये लावून ठेवायचे, हिरव्यांचा ड्रॉवर, निळ्यांचा ड्रॉवर. या टप्प्यावर चित्र कशाचं हे ठरलेलंच नसतं. नुसते कागद. पुढे कधीतरी अळी करायची वेळ आली की ड्रॉवर उघडायचा, नेमका हिरवा शोधायचा, आकार कापायचा आणि वॉलपेपर चिकटवायची खळ लावून पुठ्ठ्यावर बसवायचा. वाचायला किती सोपं. माझा कागद ओला झाल्याबरोबर फाटला. दुसरा सुरकुतला. तिसरा नीट रंगला तर बोटांना चिकटून आला. पण चौथ्या-पाचव्या कागदानंतर एक गोष्ट कळली, की हातात कशाचंच चित्र नसताना नुसता रंग लावत बसणं किती अवघड आहे. प्रत्येक फटकाऱ्याला मन विचारतं, हे कशासाठी? कुठल्या ऑर्डरसाठी? आणि उत्तर नसतं. नंतर कामी येईल. कदाचित.

लोक म्हणतात हे कुणीही करेल, पोरंसुद्धा करतील. कार्लला हे आवडायचं म्हणे, कारण पोरं खरंच करतात. मला आधी हे ऐकून राग यायचा, आमच्या धंद्यात 'हे तर माझी मुलगीपण काढेल' हे वाक्य बिल कमी करायच्या आधी येतं. पण तो दुसऱ्या अर्थाने खूश व्हायचा.

एक गंमत सांगते. शास्त्र जाणणारे लोक त्याला वर्षानुवर्षं पत्रं लिहायचे, की फुलपाखरू 'कोकून'मधून येत नाही, 'क्रिसॅलिस'मधून येतं, कोकून पतंगांचा. तो म्हणायचा, माझे वडील मला सांगायचे, एरिक, कोकूनमधून बाहेर ये. क्रिसॅलिसमधून बाहेर ये असं कोण म्हणतं? आपण मराठीवाले या भांडणातून आपोआप सुटलो, आपल्याकडे दोघांचाही कोशच. आणि दुसरी गंमत जरा वेगळी. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावावर एक लांबलचक उद्गार सगळीकडे फिरला, की शनिवारच्या खादाडीनंतर अळीचं पोट दुखायला नको म्हणून तो प्रकाशकाशी कसा भांडला होता. मला तो भयंकर आवडला, मी शेअरपण केला, माझ्याच मनातलं कुणीतरी बोललं म्हणून. तो खोटा निघाला. 'पॅरिस रिव्ह्यू' या साहित्यिक नियतकालिकाने २०१५ च्या १ एप्रिलला केलेली थट्टेची मुलाखत होती ती. त्यांना शेवटी तसा खुलासा करावा लागला. मी पोस्ट डिलीट केली. प्रकाशकाशी भांडलेल्या चित्रकाराची गोष्ट आम्ही चित्रकार लोक किती पटकन खरी मानतो, ते पण कळलं.

अळीनंतर तो थांबला नाही, सत्तरच्या वर पुस्तकं केली. १९८४ च्या कोळ्याच्या पुस्तकात जाळं बोटाला लागतं, कागदावर उठावाने छापलेलं. १९९० च्या किरकिऱ्याच्या पुस्तकात शेवटचं पान उघडलं की खरा आवाज येतो. १९९५ च्या काजव्याच्या पुस्तकात काजवे लुकलुकतात. काही समीक्षकांना ही खेळणीबाजी वाटते आणि आवाजाबिवाजाच्या बाबतीत मलाही थोडी वाटते, आमच्या किरकिऱ्याची बॅटरी गेली तेव्हा घरात जे रडणं झालं ते मी विसरणार नाही. पण तो म्हणायचा की घर सोडून शाळेत जाणं हा माणसाच्या आयुष्यातला जन्मानंतरचा दुसरा मोठा धक्का, आणि त्याला त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी बनवायचंय. घरात ऊब असते, खेळणी असतात, हात धरायला कुणीतरी असतं, शाळेत पुस्तक असतं. म्हणून त्याचं पुस्तक अर्धं खेळणं. बोट घाल, हात फिरव, ऐक. हे ऐकलं आणि मला तो पूल बांधणारा सहा वर्षांचा पोरगा पुन्हा दिसला, आजीचा हात धरून.

२००२ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, बार्बराने, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टला चित्रपुस्तकांतल्या चित्रांचं एक म्युझियम उघडलं. कल्पना जपानमध्ये सुचलेली, तिथे अशी म्युझियम आधीपासून आहेत. फक्त स्वतःचं नाही, जगभरच्या इलस्ट्रेटरांचं मूळ काम तिथे भिंतीवर लागतं, मुलाच्या डोळ्यांना दिसेल अशा बेताने. नीट, सरळ टांगलेलं.

आणि २०११ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्याने एक पुस्तक काढलं ज्यात एक मूल चित्रं रंगवतं. निळा घोडा, लाल मगर, पिवळी गाय, काळं पांढरं अस्वल (म्हणजे ध्रुवीय अस्वल, पण काळं). शेवटी फ्रान्झ मार्कबद्दल आणि त्या खोक्याबद्दल सांगितलंय. मास्तर म्हणाले होते कुणाला सांगू नकोस, तर सत्तरएक वर्षांनी त्याने पानभर सांगून टाकलं, तेही सगळ्यात लहान लोकांना. त्या पुस्तकात हत्तीही आहे. केशरी.

माझा हत्ती करडाच छापून आला. वाईट दिसत नाही, संध्याकाळ तेवढी गेली. जांभळा फाइलमध्ये आहे, त्याला मी 'जुना' असं नाव देऊन ठेवलंय.

त्या तीन रविवारांतून एकच कागद धड उरला होता, निळा, मधे थोडा हिरवट, ब्रशच्या रेघा छान आलेल्या. तो मी वहीच्या पानांत दाबून ठेवला होता, कधीतरी चांगल्या कामाला वापरू म्हणून. परवा बघते तर वही जमिनीवर उघडी, शेजारी भाची, हातात तिची बोथट कात्री, आणि कागद अर्धा कापलेला. माझ्या तोंडून 'अगं!' निघालंच. तिने वर पाहिलं, कात्री थांबवली नाही. मी शेजारी बसले आणि विचारलं, काय करतेयस? घोडा आहे का?

ती म्हणाली, नाही माहीत अजून, आधी कापू तरी दे.